फुकट आहे, देशी आहे, मग घरात का येत नाही?

‘बॉस’ नावाची सरकारी, मोफत आणि मराठी जाणणारी ऑपरेटिंग सिस्टिम २००७ पासून आपल्या देशात आहे. बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत काम करणाऱ्या एका मराठी मुलीनं ती वडिलांच्या दुकानातल्या संगणकावर चढवली. आठव्या दिवशी ती उतरवावी लागली! असं का झालं?

‘‘आमच्या ऑफिसात सगळं लिनक्सवर चालतं हो. पण माझ्या बाबांच्या दुकानात ते आठ दिवससुद्धा टिकलं नाही!’’

इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका दर्शिनीत फिल्टर कॉफीचा घोट घेत ती सांगत होती. मूळची सांगली जिल्ह्यातली. गेली सहा वर्षं इथं सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. ‘‘माझं नाव आणि कंपनीचं नाव मात्र छापू नका,’’ असं तिनं आधीच बजावलं होतं. तिचे वडील तालुक्याच्या गावी डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान चालवतात. लग्नपत्रिका, हँडबिलं, सोसायटीचे अहवाल, सातबाराचे अर्ज असा सगळा कारभार. दुकानात संगणक दोन. दोन्ही जुने आणि दोन्हींवर विंडोज १०.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. वर्षभराची वाढीव सोय ठेवली खरी, पण पुढे काय? विंडोज ११ ला नव्या धाटणीचा प्रोसेसर आणि सुरक्षेची खास चिप लागते. बाबांच्या संगणकात यातलं काहीच नव्हतं. म्हणजे धडधाकट चालणारं यंत्र भंगारात द्यायचं आणि नवं घ्यायचं! हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. गावोगावच्या शाळा, पतसंस्था, वाचनालयं आणि दवाखान्यांत असे संगणक आजही आहेत.

लेकीला उपाय ठाऊक होता. त्या वर्षीच्या दिवाळीला राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं ती मिरजेला उतरली, तेव्हा तिच्या पर्समध्ये एक पेनड्राइव्ह होता. त्यात होतं ‘बॉस’!

हा ‘बॉस’ कोण?

संगणक सुरू केल्यावर पडदा, कळफलक, प्रिंटर, फाइली या सगळ्यांना कामाला लावणारा जो मुकादम असतो, ती ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोज हा त्यातला सर्वांना ठाऊक असलेला मुकादम. त्याची आतली रचना कंपनीच्या तिजोरीत बंद असते. लिनक्सचं तसं नाही. १९९१ साली हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स या तरुणानं त्याचा गाभा लिहिला आणि जगासाठी खुला केला. ज्याला हवं त्यानं तो वाचावा, बदलावा, वाटावा. यालाच मुक्त स्रोत म्हणतात.

या लिनक्सच्या ‘डेबियन’ नावाच्या शाखेवर आपल्या सरकारच्या सी-डॅक संस्थेच्या चेन्नई केंद्रानं एक भारतीय अवतार तयार केला. नाव ठेवलं ‘भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्स’, म्हणजेच ‘बॉस’. २००७ च्या जानेवारीत त्याची पहिली आवृत्ती आली. ‘तरंग’, ‘अनंत’, ‘तेजस’ अशी देखणी नावं घेऊन आवृत्त्या येत गेल्या. मराठीसह आपल्या बहुतेक भाषा त्यात आहेत. शाळांसाठी ‘एड्युबॉस’ ही वेगळी आवृत्तीही आहे. किंमत? शून्य रुपये.

सी-डॅक ही मूळची पुण्याची संस्था. १९८८ साली ती स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली तिनं ‘परम’ महासंगणक उभा केला. म्हणजे घराणंही नाव घेण्यासारखं! तरीही चारचौघांना विचारून पाहा. ‘बॉस’ म्हटल्यावर त्यांना आपला साहेबच आठवेल.

दिवसा लिनक्स, घरी विंडोज

याची खरी गंमत कळते ती इलेक्ट्रॉनिक सिटीत. कोनप्पना अग्रहार आणि दोड्डतोगूर ही इथली मूळ गावं. कर्नाटक सरकारच्या ‘केओनिक्स’ महामंडळाचे पहिले प्रमुख आर. के. बाळिगा यांनी बंगळुरूला भारताची सिलिकॉन व्हॅली करण्याचं स्वप्न पाहिलं आणि १९७८ साली ३३२ एकरांवर ही वसाहत आखली गेली. १९८१ साली पुण्यात जन्मलेल्या इन्फोसिसनं १९९४ मध्ये आपलं मुख्यालय इथं आणलं. मागोमाग बाकीच्या कंपन्या आल्या. सी-डॅकचंही एक केंद्र इथं आहे. सिल्क बोर्डपासूनचा उड्डाणमार्ग २०१० मध्ये आणि पिवळी मेट्रो ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली.

इथल्या कंपन्या जगभरच्या बँकांचं, विमान कंपन्यांचं, दुकानांचं काम सांभाळतात. त्यासाठी लागणाऱ्या मोठ्या संगणकांवर लिनक्सचं राज्य आहे. जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक २०१७ पासून झाडून सगळे लिनक्सवर चालतात. तुमच्या-आमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सचाच! इथल्याच ‘ट्रिपल आयटी’ संस्थेत २०१८ पासून आकाराला आलेली ‘मोसिप’ ही ओळखपत्रांची मुक्त प्रणाली फिलिपाइन्स आणि मोरोक्कोसारख्या देशांनी स्वीकारली.

म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर कच्चं आहे, असं म्हणायची सोय नाही. तरीही दिवसभर लिनक्सशी बोलणारा इंजिनिअर संध्याकाळी घरी जातो तेव्हा टेबलावरचा त्याचा लॅपटॉप बहुधा विंडोजचाच असतो. का? तर तो दुकानातून तसाच आला! बहुसंख्य लोक ऑपरेटिंग सिस्टिम निवडत नाहीत. फ्लॅटबरोबर नळ यावेत तशी ती संगणकाबरोबर येते. नळ कोणत्या कंपनीचे, हे आपण गळायला लागेपर्यंत पाहतो का?

बाबांच्या दुकानातले आठ दिवस

पहिला दिवस छान गेला. अर्ध्या तासात ‘बॉस’ बसलं. जुना संगणक चटकन सुरू होऊ लागला. बाबा खूश.

‘‘आणि याचे पैसे?’’ त्यांनी विचारलं.

‘‘काही नाही बाबा, फुकट आहे.’’

‘‘अगं, मग ते विंडोज तरी कुठं विकत घेतलं होतं आपण!’’

लेक निरुत्तर झाली. मेनूतले मराठी शब्दही बाबांना अडू लागले. शब्द शुद्ध होते, पण ओळखीचे नव्हते. पंचवीस वर्षं ‘सेव्ह’ आणि ‘प्रिंट’ म्हणणाऱ्या माणसानं दुपारपर्यंत सगळं परत इंग्रजी करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी एक जुनं गिऱ्हाईक आलं. धाकट्या मुलाचं लग्न ठरलं होतं. ‘‘थोरल्याची पत्रिका काढली होती ना, तीच काढा. फक्त नावं बदला.’’ बाबांनी फाइल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि कंस यांची खिचडी! ‘श्री गजाननाय नमः’ कुठं गेलं, ते त्या गजाननालाच ठाऊक. गिऱ्हाईक म्हणालं, ‘‘मशीन बिघडलंय वाटतं. मी नंतर येतो.’’ ते आलंच नाही.

तिसऱ्या दिवशी टायपिंगचा घोळ. बाबा तरुणपणी मराठी टाइपरायटरवर शिकलेले. बोटांना रेमिंग्टन पद्धत पाठ. नव्या सिस्टिमनं पुढे केला इनस्क्रिप्ट कळफलक. मिनिटाला चाळीस शब्द पडणारी बोटं चाचपडू लागली. रेमिंग्टनची सोय लिनक्समध्येही आहे, हे लेकीला शोधून काढायला चौथा दिवस उजाडला.

पाचव्या दिवशी प्रिंटर चालला, पण त्याच यंत्रातला स्कॅनर हलेना. सहाव्या दिवशी एक व्यापारी टॅलीचा हिशेब आणि डिजिटल सहीचं टोकन घेऊन आला. टॅली विंडोजसाठी बनलेलं. टोकनाचा ड्रायव्हर विंडोजसाठी सहज मिळतो, लिनक्ससाठी तो शोधत बसावं लागतं. त्याच रात्री लेकीची परतीची गाडी होती.

ती गेली आणि सातव्या दिवशी स्कॅनरसाठी नेहमीच्या हार्डवेअरवाल्याला बोलावणं गेलं. त्यानं पडद्याकडे पाहिलं आणि हात झटकले. ‘‘काका, हे मला येत नाही. ताईंनी बसवलंय, त्यांनाच विचारा.’’

आठव्या दिवशी पुन्हा विंडोज!

चोरीचं फुकट आणि हक्काचं फुकट

आता या आठ दिवसांचा हिशेब मांडू. बाबा पहिल्याच दिवशी बोलून गेले त्यात मोठं गुपित आहे. नव्वदच्या दशकात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून गावोगाव संगणक जोडून दिले जात. विंडोज, ऑफिस आणि डीटीपीची सॉफ्टवेअरं सीडीवरून ‘टाकून’ मिळत. कुणी बिल मागितलं नाही, कुणी दिलं नाही. ज्या वस्तूची किंमत कधी मोजलीच नाही, तिला स्वस्त पर्याय देऊन काय उपयोग? लिनक्सचं फुकट हे हक्काचं होतं. पण सवय आधीच चोरीच्या फुकटाची लागली होती.

या चोरीचा फायदा कुणाला झाला? आपल्या खिशाला तर झालाच. पण एक अख्खी पिढी एकाच कंपनीच्या वस्तूवर शिकून तयार झाली, हा त्या कंपनीचा फायदा त्याहून मोठा!

अक्षरांचं दुखणं

पत्रिकेचं काय झालं? जुन्या काळी प्रत्येक मराठी फॉन्टवाल्याची लिपी संगणकाच्या पोटात वेगळी असे. इंग्रजी अक्षरांच्या खणांत मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले. फॉन्ट असेल तर मराठी दिसणार, नसेल तर खिचडी. महाराष्ट्रातल्या हजारो छापखान्यांचं, वर्तमानपत्रांचं आणि कचेऱ्यांचं लिखाण अशा कुलपात बंद होतं आणि किल्ली होती विंडोजवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरकडे. दोष लिनक्सचा नव्हता. अडकली होती ती आपली अक्षरं.

युनिकोड आलं तेव्हा प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक मिळाला. पण मराठीची दुखणी तिथंही होती. ‘आचार्यांना’ बोलवायचं की ‘आचाऱ्यांना’, हा फरक संगणकाला कळेपर्यंत बराच काळ गेला. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ मिळवायलाही झगडावं लागलं.

हे झगडणारे लोक कोण होते? मुंबईत वेंकटेश हरिहरन, जी. करुणाकर आणि त्यांच्या साथीदारांनी ‘इंडलिनक्स’ चालवून लिनक्समध्ये भारतीय भाषा आणण्याचा ध्यास घेतला. बंगळुरूच्या सायबरस्केप मल्टिमीडिया या ‘आकृती’वाल्या कंपनीनं २००३ च्या सुमारास आपले काही फॉन्ट मुक्त परवान्याखाली खुले केले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनं घडवलेली ‘लोहित’ अक्षरं २००४ साली रेड हॅट कंपनीमार्फत सर्वांना मोफत मिळाली. आज लिनक्सवर मराठी नीट वाचता-लिहिता येतं ते या मंडळींमुळे. त्यांच्यासाठी सत्कार झाले नाहीत की हारतुरे आले नाहीत.

शिकवतो कोण, दुरुस्त करतो कोण?

त्या हार्डवेअरवाल्याला नावं ठेवू नका. त्याला लिनक्स कुणी शिकवलंच नाही! महाराष्ट्रात २००१ साली एमकेसीएल स्थापन झालं आणि ‘एमएस-सीआयटी’ घरोघर पोचलं. सरकारी नोकरीच्या आशेनं लाखो मुलांनी, गृहिणींनी तो अभ्यासक्रम केला. त्यानं संगणकाची भीती घालवली, हे मोठंच काम. पण त्यातला संगणक म्हणजे प्रामुख्यानं विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस. माणूस ज्या पाटीवर गिरवतो तीच त्याला पाटी वाटते.

केरळनं वेगळा रस्ता धरला. तिथं २००१ च्या सुमारास ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ प्रकल्प सुरू झाला आणि सरकारी शाळा टप्प्याटप्प्यानं लिनक्सवर गेल्या. नुसत्या सीडी वाटल्या नाहीत. आधी शिक्षकांना तयार केलं, पुस्तकं त्यावर बेतली, परीक्षाही त्यावरच घेतली. मल्याळममधून शिकण्याची साधनं जोडली. २०१९ मध्ये शाळांतल्या दोन लाखांहून अधिक संगणकांसाठी नवी आवृत्ती आली, तेव्हा मुक्त सॉफ्टवेअरमुळे ३ हजार कोटी रुपये वाचल्याचा दावा तिथल्या ‘काइट’ या सरकारी संस्थेनं केला. आकड्यावर वाद घालता येईल. पण मुलं तिथं लिनक्सवर शिकली, यावर वाद नाही.

तमिळनाडूनं २०११ पासून विद्यार्थ्यांना वाटलेल्या लॅपटॉपमध्ये विंडोज आणि ‘बॉस’ दोन्ही होती. दोन दारं उघडी असली की माणूस ओळखीच्या दारानंच आत जातो. दुसऱ्या दाराशी बोट धरायला कुणीतरी उभं असावं लागतं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेनं दहा वर्षं खपून २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणक लिनक्सवर नेले. पण बाकीच्या कचेऱ्यांशी कागदपत्रांची देवाणघेवाण करताना कुरबुरी होत राहिल्या, सत्ताधारी बदलले आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतायचं ठरलं. एकट्यानं पोहायला जाऊन नदी वळत नाही.

बंगळुरूनंही हा धडा आधीच घेतला होता. भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी आणि एन्कोअर कंपनीनं मिळून ‘सिम्प्युटर’ नावाचा तळहातावर मावणारा, लिनक्सवर चालणारा संगणक २००१ साली जगापुढे ठेवला. गरिबांचा संगणक म्हणून जगभर कौतुक झालं. ५० हजार विकायचं स्वप्न होतं. २००५ पर्यंत विकले गेले जेमतेम चार हजार! यंत्रात हुशारी होती. पण ते घेऊन शेतकऱ्यानं नेमकं काय करायचं, बिघडलं तर कुणाकडे जायचं, याची साखळी उभी राहिली नव्हती.

मग घाई कशाला?

‘‘चाललंय ते चालू द्या की! काय बिघडतं?’’ असं कुणी म्हणेल.

बिघडतं. देखभाल थांबलेल्या सिस्टिमला नव्या विषाणूंपासून संरक्षण मिळत नाही. २०१७ च्या ‘वॉनाक्राय’ हल्ल्यात जगभरचे लाखो संगणक कुलूपबंद झाले, त्यांतल्या बहुतेकांवर विंडोजची सुरक्षा दुरुस्ती बसवलेलीच नव्हती. गावच्या पतसंस्थेत आपल्याच ठेवींचे हिशेब असतात, शाळेत आपल्याच मुलांची माहिती असते. शिवाय चांगली यंत्रं भंगारात गेली की नव्यांचे पैसे जातात ते आपल्याच करातून.

सरकारलाही हे कळतं. २०१५ साली केंद्र सरकारनं मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण जाहीर केलं. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयानं आपल्या संगणकांवर लिनक्सचाच ‘माया’ हा अवतार आणायचं ठरवलं. पण धोरण दिल्लीत होतं आणि स्कॅनर तालुक्याला बंद पडतो! मधल्या अंतरात हवा असतो शिकलेला मेकॅनिक, सवय झालेला शिक्षक आणि फक्त विंडोजवर अडून न बसणारी सरकारी पोर्टलं. फुकट वस्तूला लागणारा खरा खर्च हाच. तो कुणी केला नाही, म्हणून ‘बॉस’ दाराबाहेर राहिलं.

दुसऱ्या खेपेला

आमच्या मैत्रिणीनं हार मानली नाही. पुढच्या खेपेला मात्र ती शहाणी होऊन गेली. कामाच्या संगणकाला हात लावला नाही. कपाटावर धूळ खात पडलेला तिसरा संगणक खाली काढला आणि ‘बॉस’ त्यावर बसवलं. त्यावर फक्त ऑनलाइन अर्ज भरायचे आणि भाच्यानं अभ्यास करायचा. बाबांना एकच सवय लावली. नवं काम युनिकोडमध्ये आणि तेही त्यांच्या लाडक्या रेमिंग्टन पद्धतीनं. जुन्या पत्रिका बदलून घ्यायचं काम फावल्या वेळात सुरू आहे.

‘‘मी पहिल्यांदा संगणक बदलायला गेले होते,’’ ती म्हणाली. ‘‘बाबांचं काम कसं चालतं, हे विचारलंच नव्हतं.’’

‘‘आणि तो हार्डवेअरवाला?’’ आम्ही विचारलं.

ती हसली. ‘‘आला होता एक दिवस. त्या जुन्या डब्याकडे बराच वेळ बघत बसला. मग निघताना हळूच म्हणाला, ताई, तो पेनड्राइव्ह दोन दिवस माझ्याकडे ठेवू का?’’

घरी करून पाहायचं आहे?

• आधी महत्त्वाच्या सगळ्या फाइलींची आणि फोटोंची प्रत वेगळ्या डिस्कवर काढा. ही पायरी चुकवू नका.

• विंडोज न काढता सुरुवात करा. लिबरऑफिस, फायरफॉक्स आणि व्हीएलसी ही मोफत सॉफ्टवेअरं विंडोजवरही चालतात. महिनाभर ती वापरून हात बसवा.

• बहुतेक लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येतात. संगणकातलं काहीही न पुसता प्रिंटर, स्कॅनर, वाय-फाय आणि आवाज तपासा. चाललं तरच पुढे जा.

• ‘बॉस’ सी-डॅककडून मोफत उतरवून घेता येतं. उबुंटू, मिंट हेही मोफत पर्याय आहेत.

• मराठी लिखाण युनिकोडमध्येच करा. संगणक कुठलाही आला तरी ते वाचता येईल.

• टॅली, डिजिटल सही किंवा डीटीपीचं काम असेल तर त्यासाठी एक विंडोज संगणक राहू द्या. हट्ट नको.

• सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अडचण आली तर कुणाला विचारायचं, ते माणूस आधी ठरवा आणि मगच पेनड्राइव्ह लावा!